वाचकांचे प्रश्न : जेरीच्या बाजूनं कोण होतं?

गेल्या अंकात 'द चॉकलेट वॉर' या कुमार कादंबरीविषयी लिहिलं, तेव्हापासून पत्रं येतायत. निम्म्याहून जास्त रागावलेली आहेत, आणि मला त्याचं बरं वाटलं. पुस्तक मिटून विसरून जाणाऱ्यापेक्षा त्याच्याशी भांडणारा वाचक मला जवळचा वाटतो. जागा आहे तेवढी पत्रं घेते. लांबलेली पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

ज्यांच्या हाती मागचा अंक पडला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. ट्रिनिटी ही अमेरिकेतली मुलांची कॅथलिक शाळा. तिला पैशांची चणचण आहे. मुख्याध्यापक आजारी, म्हणून कारभार ब्रदर लिऑन यांच्या हातात. ते मदर्स डेची उरलेली चॉकलेटं स्वस्तात उचलतात, तब्बल २०,००० डबे. विकायचे मुलांनी, प्रत्येकी ५० डबे, डबा २ डॉलरला. आदल्या वर्षी २५ डबे होते आणि किंमत १ डॉलर होती. शाळेत 'व्हिजिल्स' नावाची मुलांची गुप्त टोळी आहे, तिचं डोकं म्हणजे आर्ची. डबे खपावेत म्हणून लिऑन या टोळीशी हातमिळवणी करतात. जेरी रेनॉ हा पहिल्या वर्षाचा मुलगा, आपल्याकडच्या नववीच्या वयाचा. त्याची आई अलीकडेच गेलेली. टोळीच्या हुकमावरून तो दहा दिवस 'मी विकणार नाही' म्हणतो. मुदत संपते, तरी तो 'नाही' म्हणतच राहतो, आणि आता तो नकार त्याचा स्वतःचा असतो. मग शाळा आणि टोळी दोघंही त्याच्यावर उलटतात. शेवटी भर मैदानात, सगळ्या शाळेदेखत, त्याला बेदम मारलं जातं.

आता पत्रं.

बाई, माझा मुलगा नववीत आहे. तुमचं वाचून मी त्याला हे पुस्तक आणून दिलं. वाचून झाल्यापासून तो गप्प गप्प आहे. शेवटी मार खाल्लेला पोरगा आपल्या मित्राला काय सांगू बघतो? की ते सांगतील तसं वाग, विरोध करू नकोस. असलं शिकवायचं का आपण पोरांना? चांगल्याचा विजय दाखवणारी पुस्तकं संपली का?
— एक आई, राजारामपुरी

ताई, मुलगा गप्प आहे हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून आधी तेच. त्याला 'पुस्तक कसं वाटलं' असं विचारू नका, 'छान' म्हणून मोकळा होईल. 'तुझ्या वर्गात आर्ची कोण आहे रे?' असं विचारा, आणि मग मधे न बोलता ऐका. आमच्या वाचनालयातल्या मुलांच्या गटात मी हाच प्रश्न टाकला. पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग एकानं तोंड उघडलं आणि नंतर कुणाला थांबवता येईना.

शेवटाबद्दल. पुस्तक १९७४ सालचं. छापण्याआधी काही प्रकाशकांनी लेखक रॉबर्ट कॉर्मिअर यांना तुम्ही म्हणताय तेच सांगितलं होतं, की शेवट बदला, एवढा अंधार मुलांना सोसायचा नाही. त्यांनी बदलला नाही. ते मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेमिन्स्टर गावचे, वर्तमानपत्रात हयात गेलेले. त्यांचा स्वतःचा मुलगा एकदा शाळेनं विकायला दिलेली चॉकलेटं घेऊन घरी आला. बापलेक बोलले आणि ठरलं की विकायची नाहीत. मुलानं ती परत नेऊन दिली. शाळेत त्याला कुणी काही केलं नाही. पण बापाच्या डोक्यात भुंगा लागला : केलं असतं तर? शाळा निराळी असती, वरची माणसं निराळी असती, तर या पोराचं काय झालं असतं? कादंबरी तिथून निघाली.

त्या खऱ्या मुलात आणि जेरीत मला एकच मोठा फरक दिसतो. खरा मुलगा घरी बोलला. जेरी बोलत नाही. त्याचे वडील फार्मासिस्ट, औषधांच्या दुकानात वेगवेगळ्या पाळ्या करणारे, बायको गेल्यापासून आतून विझलेले. एका संध्याकाळी जेरीच त्यांना विचारतो, आजचा दिवस कसा गेला? 'ठीक.' पोरगा पुन्हा विचारतो, काही खूप चांगलं, काही खूप वाईट, काहीच घडलं नाही? नाही, सगळे दिवस सारखेच असतात. तो माणूस दुष्ट नाही. पोरावर त्याचं प्रेम आहे. पण त्या घरात बोलायची वाटच बुजून गेली आहे, आणि पुढं जेरीवर वेळ येते तेव्हा त्यालाही तेवढंच बोलता येतं. रात्री-बेरात्री फोन वाजतो, पलीकडून नुसतं खिदळणं ऐकू येतं, आणि तरी वडिलांना खरं काय चाललंय ते कळत नाही.

म्हणून मारामारीच्या प्रकरणापेक्षा हे जेवणाच्या वेळचं 'ठीक' मला जास्त छळतं. शेवटच्या पानावर जेरी जिंकला असता तर आपण पालक निश्वास टाकून पुस्तक ठेवून दिलं असतं. तो हरतो, म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत आणि मुलाच्या गप्प बसण्याकडे तुमचं लक्ष गेलं. मला तो शेवट तसाच हवा.

मी सदतीस वर्षं शिक्षकी केली, त्यांतली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. मुलांच्या टोळीशी हातमिळवणी करणारा शिक्षक मी पाहिला नाही. असं पुस्तक कोवळ्या मुलांच्या हाती देऊन तुम्ही गुरुजनांविषयी अनादर पसरवत आहात, असं स्पष्ट मत नोंदवतो.
— निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

सर, आपल्या अनुभवाचा मला आदर आहे. मीही हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आणि तरीही या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही.

ब्रदर लिऑन यांचा वर्गातला एक प्रसंग इथं सविस्तर सांगते, कारण बाकीच्या वाचकांनाही तो माहीत हवा. बेली नावाचा मुलगा आहे. अभ्यासात एक नंबर, सगळ्या विषयांत 'ए'. लिऑन त्याला फळ्यापाशी बोलावतात. हातातली छडी त्याच्या गालाला लागते, वरवर बघता चुकून. लगेच माफीही मागतात. मग विचारतात, एवढे गुण कसे पडतात रे तुला? परिपूर्ण तर फक्त देव असतो. म्हणजे तू कॉपी करतोस. पोरगा नाही नाही म्हणत राहतो. वर्ग बघतो. काही जण हसतातसुद्धा. अगदी शेवटी मागच्या बाकावरून एक आवाज येतो, की सोडा ना त्याला. आणि लिऑन वर्गाकडे वळून म्हणतात, फार उशीर केलात. बेली प्रामाणिक आहे. फसवणारे तुम्ही आहात. तुम्ही मुकाट बसलात, आणि या वर्गाचा तुम्ही हिटलरचा जर्मनी केलात.

सर, ते बोलणं खरं आहे, यातच त्याची भीती आहे. मुलांना खरा धडा मिळतो, पण तो देणारा माणूसच समोरच्या पोराला सोलत असतो. आणि धड्याचा परिणाम काय होतो? पुढं जेरीवर पाळी येते तेव्हा वर्ग पुन्हा गप्पच बसतो. रोज हजेरीसारखी नावं वाचली जातात, प्रत्येकानं किती डबे विकले ते सांगायचं. जेरीचं नाव येतं. 'नाही.' सगळे मान खाली घालतात.

टोळीशी उघड हातमिळवणी आपण पाहिली नसेल, मीही पाहिली नाही. पण दांडगट मुलाला मॉनिटर करून वर्ग शांत ठेवणारा शिक्षक आपण दोघांनीही पाहिलेला आहे. स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना ठाऊक असतं. चहा पिता पिता त्याचं कौतुकही होतं, 'त्याच्या वर्गात आवाज येत नाही' म्हणून. आवाज का येत नाही, हे विचारायला कुणी त्या वर्गात जात नाही.

आणि गुरुजनांची दुसरी बाजूही पुस्तकात आहे. ब्रदर जॅक नावाचे शिक्षक आहेत. शेवटी मैदानावरचे दिवे घालवून ती मारहाण तेच थांबवतात. तोवर जेरीचा जबडा फुटलेला असतो. पण ते आले. लिऑन मात्र दूर टेकाडावर उभे राहून बघत होते. शिक्षक म्हणून या दोघांमधलं कोण व्हायचं, एवढाच प्रश्न हे पुस्तक आपल्याला विचारतं, आणि तो विचारल्यानं आपला मान कमी होत नाही.

बाई, मी शिवाजी पेठेतला, दहावीला आहे, फुटबॉल खेळतो. जेरी पण खेळतो म्हणून पुस्तक घेतलं. एकच कळलं नाही. आर्ची डाव टाकतोय हे त्याला दिसत होतं की. मग गडी मैदानात उतरलाच कशाला? सरळ घरी जायचं!
— एक विद्यार्थी

सगळ्या टपालात तुझा प्रश्न मला आवडला. आधी एक सांगते : जेरीचा फुटबॉल आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. तो डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्याला गाद्या बांधून, चेंडू हातात घेऊन धडका मारत खेळायचा अमेरिकन खेळ. जेरीची जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाचा डाव चालवणारा, आणि म्हणून समोरच्यांच्या धडका झेलणारा. पहिल्या प्रकरणात तो सरावात मार खाऊन खाऊन पुन्हा उभा राहतो. तुझ्यासारखाच चिवट आहे, आणि आर्चीला नेमकं तेच माहीत आहे.

उतरला कशाला? रागानं. जांझा नावाच्या दांडगटानं आजूबाजूची पोरं जमवून जेरीला बडवलेलं असतं. आर्ची फोन करतो : बदला घे, सगळ्यांसमोर घे, समोरासमोर. एवढे दिवस नुसतं 'नाही' म्हणून सोसलेल्या मुलाला कुणीतरी पहिल्यांदाच हाताला काम दिलं. तू असतास तर गेला नसतास का? खरं उत्तर दे, मला नको, स्वतःला.

मैदानात गेल्यावर कळतं की ही लढतच नाही. पोरांनी चिठ्ठ्या विकत घेतल्या आहेत. चिठ्ठीवर लिहायचं, कुणी कुणाला कुठं ठोसा मारायचा. चिठ्ठी निघेल तसा ठोसा, आणि ज्याला बसायचा त्यानं अडवायचाही नाही. तू खासबागेत कुस्ती बघितली असशील. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान उभं केलं. मधे आखाडा, भोवती चढ, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी असं. तिथंही हजारो माणसं कानठळ्या बसतील असं ओरडतात. पण जोड बघून लावलेली असते. आत पंच असतो. दोन्हीकडचे वस्ताद डोळ्यांत तेल घालून बघत असतात. आणि पाठ लागली की कुस्ती संपली, त्यानंतर हात उचलायची कुणाची छाती होत नाही. ट्रिनिटीच्या मैदानात पंचही नाही, वस्तादही नाही. नुसते बघे आहेत, आणि मारायचं कसं ते बघ्यांनीच ठरवायचं आहे.

त्या गोंधळात जेरीचा एक ठोसा बरोबर बसतो, लोक ओरडतात, आणि त्याला क्षणभर बरं वाटतं. लगेच पोटात ढवळतं. आपण यांच्यातलेच एक झालो, हे त्याला कळतं. जबडा फुटायच्या आधी तो तिथं हरलेला असतो. ती दोन पानं पुन्हा वाच. घाईनं वाचली असशील, सगळेच वाचतात.

पुस्तकात मुलीच नाहीत. आहेत त्या पोरांनी टक लावून बघण्यापुरत्या. मी हे का वाचायचं?
— आठवीतली एक वाचक, इचलकरंजी

तुझी तक्रार रास्त आहे. शाळा मुलांची म्हणून मुली नाहीत हे समजू शकतं. पण जिथं येतात तिथं त्या पोरांच्या नजरेतूनच येतात, आणि काही बोलणं किळसवाणं आहे. अमेरिकेत हे पुस्तक ग्रंथालयांतून काढा म्हणून सारख्या तक्रारी झाल्या, त्यात मारहाणीबरोबर हेही कारण होतं. २००४ साली तिकडच्या ग्रंथालय संघटनेच्या अशा तक्रारींच्या यादीत ते पहिलं होतं. काढून टाकावं असं मला वाटत नाही. आठवीत मात्र मी ते कुणाला देत नाही, नववीनंतर देते, आणि एकट्यानं वाचायला देत नाही. तुला वाचावंसं वाटलं नाही तर वाचू नकोस, त्यात काही बिघडत नाही. वाचलंसच, तर हे जे मला लिहिलंस ते पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेव.

सिनेमा आहे का यावर?
— एक वाचक, कागल

आहे, १९८८ सालचा. त्यात शेवट बदललाय. टोळीत एक रिवाज आहे : आर्ची कुणाला कामगिरी लावतो तेव्हा त्याला पेटीतून गोटी काढावी लागते. पाच पांढऱ्या, एक काळी. काळी निघाली तर ती कामगिरी त्यानंच करायची. कादंबरीत काळी एकदाही निघत नाही. सिनेमात निघते, आणि जेरीसमोर आर्चीलाच उभं राहावं लागतं. राजारामपुरीच्या ताईंना तो शेवट पटेल. पुस्तकाचा दुसरा भागही कॉर्मिअर यांनी १९८५ साली लिहिला.

हे सगळं अमेरिकेत होत असेल. तिथं गँगा असतात, बंदुका असतात. आपल्या कोल्हापुरात शाळा म्हणजे घरासारखी. उगाच पोरांच्या डोक्यात भरवू नका.
— एक पालक, उचगाव

दादा, या पुस्तकात एकही बंदूक नाही. चॉकलेटं आहेत, हजेरी आहे, आणि गप्प बसलेली मुलं आहेत.

गोट्यांचा तो रिवाज मुलांना कळावा म्हणून मी गटात एक पिशवी फिरवली, पाच पांढऱ्या गोट्या, एक काळी. मुलांनी आधी हसत हात घातला. मग एका मुलीनं विचारलं, 'बाई, पांढरी निघाली की पुढच्याला त्रास द्यायची परवानगी मिळते, असंच ना?' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'मग मी नाही काढत.' तिच्या शेजारच्यानंही हात मागं घेतला. बाकीच्यांनी दोघांची चेष्टा सुरू केली, अगदी लगेच, अगदी सहज. पाचच मिनिटांपूर्वी हीच मुलं जेरीच्या बाजूनं तावातावानं बोलत होती. मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांना विचारलं, आता काय केलंत ते बघा. ती सगळी कोल्हापूरची मुलं, चांगल्या घरची, चांगल्या शाळांतली.

आणि तुम्हाला माझं बोलणं पटत नसेल तर खालचं पत्र वाचा. ते याच जिल्ह्यातून आलंय.

बाई, माझं नाव आणि गाव छापू नका. मी आठवीत आहे. आमच्या शाळेच्या कार्यक्रमाची तिकिटं आम्हाला खपवायला दिली आहेत, प्रत्येकी वीस. मी दोनच खपवली. एक आत्यानं घेतलं आणि एक किराणावाल्या काकांनी. आमच्या गल्लीत कुणाकडं पैसे नसतात. वर्गात रोज नावं वाचतात, आणि माझं नाव आलं की मागची मुलं 'दोन, दोन' ओरडतात. सर काही म्हणत नाहीत. वाचनालयातल्या ताईंनी मला त्या चॉकलेटच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. मी काय करू?

बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तिकिटं खपवणं हे तुझं काम नाही. वीस खपवली नाहीस यात तुझा काडीचाही गुन्हा नाही. शाळेला पैसे लागतात, कार्यक्रम करावासा वाटतो, ते मोठ्यांनी बघायचं. आत्या आणि किराणावाले काका, दोघांनी तुला मदत केली, तेवढं पुष्कळ झालं.

आता काय करायचं ते सांगते. आजच घरी सांग. आई कामावरून दमून आली असेल, वडील चिडतील असं वाटत असेल, तरी सांग. जेवायला बसलात की सांग. 'दोन, दोन' ओरडतात ते पण सांग, ते मुद्दाम सांग, कारण मुलं तेवढंच लपवतात. बोलवत नसेल तर हे पान त्यांच्यासमोर ठेव.

मग आई किंवा वडिलांनी मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळींची चिठ्ठी लिहावी : आमचा मुलगा उरलेली तिकिटं परत करत आहे, हा आमचा निर्णय आहे, वर्गात त्याचं नाव वाचू नये. खाली सही आणि तारीख. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. तू एकटा तिकिटं परत करायला जाऊ नकोस, दोघांपैकी कुणीतरी बरोबर यावं. चिठ्ठीचा उपयोग झाला नाही तर पालक-शिक्षक संघात हा विषय तोंडी नव्हे, लेखी मांडावा. तुझ्या आई-वडिलांना हेही माहीत असू दे, की शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला किंवा त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. वर्गात रोज नाव वाचून हसं करणं हा छळच आहे असं मी मानते, आणि शाळेला तसं लिहायला मी कचरणार नाही. कुणी धमकावलं, मारलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो फुकट लागतो, आणि तू स्वतःही लावू शकतोस.

मागच्या बाकावरच्या मुलांचं. त्यांच्यातला एखादा तरी घरी जाऊन अस्वस्थ होत असणार. 'दोन' ओरडताना जो सगळ्यात हळू ओरडतो, त्याच्याशी मधल्या सुट्टीत बोलून बघ. तिकिटांबद्दल नको, दुसरं काहीही बोल.

तुझ्या पाकिटावर पत्ता नाही, म्हणून उत्तर इथंच देतेय. तुझ्या वाचनालयातल्या ताईंकडे माझा फोन नंबर पोचेल अशी व्यवस्था संपादकांनी केली आहे. आई-वडिलांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि तिथून मला फोन लावा. शाळेत कुणाबरोबर जायचं हे ठरत नसेल तर मी येईन.